विश्लेषण : नवी दुर्बीण माळ्यावर का जाते? पहिल्या रात्री काय करावे?

दिवाळीच्या सुट्टीत हौसेने दुर्बीण आणली, गच्चीवर मांडली, डोळा लावला आणि दिसला नुसता अंधार. मुले हिरमुसतात, महिनाभरात दुर्बीण माळ्यावर जाते. बहुतेक वेळा दोष दुर्बिणीचा नसतो. दिवसाउजेडी करायची पंधरा मिनिटांची जुळणी राहून गेलेली असते.

खोक्यावरच्या ‘५०० पट’चा अर्थ काय?

छोट्या दुर्बिणीसाठी फारसा काहीच नाही. प्रकाश गोळा करते ते पुढचे भिंग, त्यामुळे महत्त्व त्याच्या व्यासाला. ७० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीची मर्यादा साधारण १४० पट. त्यापुढे चित्र मोठे होते, पण पुसट. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की पट मिळते. ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ चे आयपीस लावले तर २८ पट, १० चे लावले तर ७० पट. सुरुवात नेहमी २५ ने करावी. आकाशाचा मोठा तुकडा दिसतो, वस्तू लवकर सापडते.

दिवसा काय करायचे?

नळीवरची छोटी दुर्बीण, म्हणजे फाइंडर, आणि मुख्य दुर्बीण एकाच दिशेला पाहत असली पाहिजे. त्यासाठी किमान किलोमीटरभर दूरची खूण निवडा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचा टीव्ही टॉवर, सांगलीकडे साखर कारखान्याची चिमणी. मुख्य दुर्बिणीत ती मधोमध आणा आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून त्यातल्या फुलीवरही तीच खूण आणा. चित्र उलटे दिसले तर घाबरू नका, ते तसेच दिसते.

नळी सूर्याकडे मात्र कधीही वळवू नका. क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. दिवसा मुलांना दुर्बिणीजवळ एकटे सोडू नये.

रात्री कुठे मांडावी?

दिवसभर तापलेल्या स्लॅबवरची हवा हलते आणि चित्र थरथरते. मातीचे अंगण असेल तर उत्तम. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, तिपाईचे पाय पूर्ण लांबवू नका. विषुववृत्तीय माउंट असेल तर त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे करा. तो क्षितिजापासून फार उंच नसतो : साताऱ्यात सुमारे १७.७ अंश, सांगलीत १६.९. हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही कमी.

पहिल्यांदा काय पाहावे?

शुक्ल अष्टमीच्या आसपासचा चंद्र. पौर्णिमेला सावल्या नसल्याने खड्डे उठून दिसत नाहीत. गुरू संध्याकाळी आकाशात असेल, तर २८ पटीतही त्याचे चार चंद्र दिसतात. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले तेच. शनीची कडी नीट पाहायला १० चे आयपीस लागेल. ७० पटीत ग्रह सुमारे तीन मिनिटांत नजरेआड सरकतो. दुर्बीण हललेली नसते, पृथ्वी फिरत असते.

योग्य काळ कोणता?

पावसाळा संपल्यावर, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गळीत हंगामात पाचट पेटवल्याचा धूर असेल, त्या संध्याकाळी घाई करू नये. मृगातला तेजोमेघ पाहायचा तर अमावास्येजवळची रात्र निवडावी. पहिल्या रात्री मात्र चंद्रच बरा. तो शोधावा लागत नाही आणि मुलांना लगेच काहीतरी दिसते.