सगळे भाग बदलले, तरी गाडी तीच? : एका बेंटलीची गोष्ट आणि आपली सिनॉप्सिस

सिनॉप्सिस लिहायला बसलं की गाईडकडून एक प्रश्न हमखास येतो: "हा जो शब्द वापरलाय, त्याचा नेमका अर्थ काय?" बहुतेकांना हा प्रश्न किचकट आणि उगाचचा वाटतो. पण हाच प्रश्न एकदा लंडनच्या उच्च न्यायालयात विचारला गेला होता, आणि त्याच्या उत्तरावर सुमारे १ कोटी पौंडांचा व्यवहार अवलंबून होता. शब्द होता 'तीच गाडी'. आज तो खटला समजून घेऊया, कारण पुरावा आणि व्याख्या यांचं नातं त्यात फार स्वच्छ दिसतं.

आधी गाडी

बेंटली स्पीड सिक्स ही साडेसहा लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन असलेली इंग्लिश गाडी. कंपनीच्या रेसिंग टीमच्या एका स्पीड सिक्सला 'ओल्ड नंबर वन' हे नाव पडलं. फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत या गाडीने सलग दोनदा जिंकली. १९२९ साली वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन ती चालवत होते, १९३० साली बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन.

पण रेसिंगची गाडी कोणी काचेच्या कपाटात ठेवत नाही. प्रत्येक शर्यतीनंतर ती खोलायची, झिजलेलं काढायचं, नवं बसवायचं. १९३२ पर्यंत या गाडीत मूळ इंजिनाच्या जागी आठ लिटरचं इंजिन आलं होतं. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत ती ट्रॅकच्या उंच बांधावरून बाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी यांचा मृत्यू झाला. त्यानंतर गाडी पुन्हा उभी केली गेली, पण रस्त्यावर चालवायची बंद टपाची कूपे म्हणून. पुढे बऱ्याच वर्षांनी तिला परत उघड्या रेसिंग गाडीचं रूप दिलं गेलं.

मग भांडण कशावरून?

१९९० मध्ये गाडीचा सौदा ठरला. करारात लिहिलं होतं 'ओल्ड नंबर वन'. नंतर खरेदीदार कंपनीने माघार घेतली. तिचं म्हणणं असं की ही ती गाडीच नाही, कारण ल मान्स जिंकलेल्या गाडीतलं यात उरलंय काय? 'हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटार' या नावाने प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर गेलं.

तज्ज्ञांची साक्ष झाली, जुने कागद तपासले गेले, एकेका भागाचा हिशोब मांडला गेला. निष्कर्ष असे निघाले:

- १९२९ च्या गाडीतलं जवळजवळ काहीच शिल्लक नाही. काही किरकोळ भाग असतीलही, पण त्यांचा काळ ठरवता येत नाही.
- १९३० च्या गाडीतले पेडल शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टिअरिंग कॉलम एवढेच उरलेत.
- १९३२ च्या गाडीतलं मात्र बरंच काही आहे: चॅसिसची फ्रेम, सस्पेन्शन, आठ लिटरचं इंजिन, बॉनेट वगैरे.

हे वाचून वाटेल की खरेदीदार जिंकला. पण निकाल उलटा लागला! न्यायमूर्तींनी म्हटलं की या गाडीला 'मूळ' म्हणता येणार नाही, पण ती 'अस्सल' आहे. बदल एका झटक्यात झाले नव्हते. ते हळूहळू होत गेले आणि प्रत्येक नवा भाग चालू असलेल्या गाडीत सामावला गेला. तिचा इतिहास कुठेही तुटत नाही, आणि 'ओल्ड नंबर वन' या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कुठलीही गाडी नाही. कंपनीला करार पाळावा लागला.

नेमकं काय घडलं ते बघा

पुरावा दोन्ही बाजूंना एकच होता. भाग बदललेत हे कोणी नाकारत नव्हतं. मतभेद होता तो मोजपट्टीवर. एक मोजपट्टी पदार्थाची: तेच लोखंड आहे का? दुसरी सातत्याची: साखळी अखंड आहे का? पहिली लावली तर उत्तर 'नाही', दुसरी लावली तर 'हो'.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात की रथ म्हणजे काय, चाकं की आस की सांगाडा? कुठलाच एक भाग म्हणजे रथ नव्हे. पुढे दिव्याचं उदाहरण येतं. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नसते, पण दिवा वेगळाही नसतो. न्यायमूर्तींचं उत्तर या दिव्याच्या जवळ जातं.

रिस्टोरेशन करणाऱ्याची पंचाईत

कोर्टाने 'कोणती गाडी' हे ठरवलं. पण 'कोणत्या वर्षाची' हा प्रश्न रिस्टोररसमोर उरतोच. १९३० चं रूप परत आणायचं तर कूपेचा काळ पुसावा लागतो. तोही गाडीच्या आयुष्याचाच भाग होता ना! म्हणजे जुनं रूप 'परत आणणं' ही एका थराची निवड असते, आणि तिची किंमत दुसरा थर मोजतो.

म्हणूनच जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२-१३ च्या सुमारास 'ट्युरिन चार्टर' स्वीकारला. वास्तूंच्या जतनासाठीचा १९६४ चा व्हेनिस चार्टर त्याच्यामागे आहे. त्यातला विचार असा: हस्तक्षेप शक्य तितका कमी ठेवा, नव्या भागांवर ओळखता येईल अशी खूण करा आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवा. पुढच्या माणसाला जुनं कोणतं आणि तुमचं कोणतं, हे कळलं पाहिजे.

आपल्यासाठी काय?

१. डेटा गोळा करायच्या आधी मोजपट्टी लिहून काढा. 'पारंपरिक', 'मूळ संहिता', 'तेच गाव' असे शब्द असतील तर पदार्थाचं सारखेपण म्हणताय की सातत्याचं, हे एका वाक्यात सांगा.

२. पुराव्याच्या पायऱ्या वेगळ्या ठेवा. 'आहे', 'नाही' आणि 'काळ ठरवता येत नाही' हे तीन वेगळे रकाने आहेत. न्यायमूर्तींनी तिसरा रकाना पहिल्यात ढकलला नाही. आपण मात्र बऱ्याचदा ढकलतो.

३. स्वतः केलेल्या बदलांवर खूण ठेवा. डेटा साफ करताना कुठली नोंद गाळली, कुठली दुरुस्त केली, याची वही हवीच. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम कॉपीवर करायचं.

आता तुमची सिनॉप्सिस उघडा आणि शीर्षकातला सगळ्यात साधा वाटणारा शब्द निवडा. व्हायवाला समोरच्याने वेगळी मोजपट्टी काढली, तर तुमचा निष्कर्ष टिकतो का? टिकत नसेल, तर निष्कर्षाला हात लावण्याआधी व्याख्या लिहा.