पात्याची पाठ आणि घोडीची जवारी

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांची परंपरा ज्यांच्यापासून मोजतात, ते फरीदसाहेब शिकलगार घराण्यातले. तलवारी, कट्यारी, भाले घासून उजळायचे आणि त्यांना धार लावायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. फौजा मोडल्या, तशी शिकलगारांची गिऱ्हाइकेही आटली. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगायलाच परवाना लागू लागला. शिकलगारांच्या हाती उरले विळे, सुऱ्या, कात्र्या आणि न्हाव्याच्या धोकटीतले वस्तरे. मिरजेतल्या काही घरांनी मात्र त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, तंतुवाद्ये हाती घेतली होती.

हत्यार सोडून वाद्य धरणे ही वरवर मोठी उडी वाटते. पण जुना वस्तरा उजळताना हात नेमके काय करतो, हे पाहिले की दोन्ही कामे किती जवळची आहेत ते कळते.

इंग्लंडमधले शेफिल्ड आणि जर्मनीतले झोलिंगन ही वस्तऱ्यांची नामांकित गावे. झोलिंगनच्या नावाला तर १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. चांगल्या वस्तऱ्याचे पाते दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेले असते. पाठ जाड, धारेकडे ते कागदासारखे पातळ होत जाते. दगडावर लावताना पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात, म्हणजे धारेचा कोन पाठीची जाडीच ठरवते. म्हणून चकाकीच्या हौसेने पाठ झिजवली, तर वस्तरा दिसायला देखणा होतो आणि कामातून जातो.

यंत्राच्या चाकावर धोका आणखी वाढतो. पातळ धार क्षणात तापते. साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेली, की पोलादाचे पाणी उतरू लागते. ते धार लावून परत येत नाही, म्हणून हे काम हातानेच करावे. आधी तेल लावून गंज मऊ करायचा. मग बुचाच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळून चारशे नंबरापासून दोन हजारांपर्यंत चढत जायचे. आधीच्या कागदाचा ओरखडा पुरता गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. हात पाठीकडून धारेकडे न्यायचा, धारेवर उलटा चढवायचा नाही. कारखान्याचा ठसा जपायचा. गंजाचा खोल खड्डा तळापर्यंत घासू नये, तिथली जाडी गेली की पाते कमकुवत होते. खड्डा थेट धारेवरच असेल, तर तो वस्तरा दाढीसाठी नव्हे, जपून ठेवण्यासाठी.

तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवतानाही, हीच कसोटी लागते. तार जिच्यावरून जाते त्या घोडीचा माथा सपाट दिसला, तरी त्याला अगदी हलका बाक असतो. कंप पावणारी तार त्या बाकाला पुन्हा पुन्हा स्पर्शते आणि त्यातून स्वरांचा भरलेला झणकार उठतो. कानस थोडी जास्त फिरली, तर आवाज बसतो किंवा करकरतो. कारागीर थोडे घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा थोडे घासतो. शिकलगाराच्या बोटांना जे पात्यावर उमगले होते, ते घोडीवर कानांनी पडताळले जाऊ लागले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा स्वरवेडा गायक मिरजेत राहिला, हे अशा कारागिरांचे भाग्यच.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तो सन्मान वाद्याइतकाच, घासताना कुठे थांबायचे हे जाणणाऱ्या बोटांचाही आहे. वस्तऱ्याचे मात्र वेगळे झाले. एड्सविषयी जागृती वाढली तशी सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा उस्तरा आला. ते योग्यच झाले, दाढीसाठी जुना सामाईक वस्तरा परत यावा असे कोणी म्हणू नये. पण सातारा-सांगलीत घराच्या पेटीत एखादा वस्तरा सापडला, तर तो भंगारात घालू नका आणि चाकावरही देऊ नका. हाताने काम करणारा माणूस शोधा, आणि त्याच्याजवळ शिकायला एखादा तरुण बसवा. लोखंड टिकवणे सोपे असते. टिकवायची आहे ती कमीत कमी घासून वस्तू राखण्याची अक्कल, आणि ती एका हातातून दुसऱ्या हातातच जाते.