एमएफए की एमडिझाइन?

नरखेडच्या संत्र्याच्या पेटीवर चित्र काढायला चित्रकार लागतो. पण पेटीत हवा खेळती राहावी, ट्रकमध्ये खालच्या थरातली फळं दबू नयेत, हमालाला ती नीट धरता यावी, हे ठरवणं म्हणजे डिझाइन. पदवीनंतरच्या वाटाही इथेच फुटतात.

चित्र-शिल्पातच मुरायचं असेल तर एमएफए, दोन वर्षांचं. त्याआधी चार वर्षांचं बीएफए, बारावीनंतर राज्याची सीईटी देऊन. नरखेड तालुक्याला जवळचं ठिकाण म्हणजे नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं, २०२३मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं.

एमडिझाइनचं गणित वेगळं. पवईच्या आयआयटीत १९६९पासून डिझाइनसाठी आयडीसी हा विभाग आहे. तिथे जायला ‘सीड’ ही परीक्षा. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी हवी, मग ती अभियांत्रिकीची असो की शेतकीची. वयाची अटही नाही. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, ‘चित्रकलेत काय ठेवलंय’ मात्र सगळे सांगतात. पेपरचा पहिला भाग संगणकावर, दुसरा हाताने कागदावर. त्यात रेखाटन सफाईदार असावंच, पण अडचण नेमकी कुठे आहे हे ओळखून तोडगाही काढून दाखवावा लागतो. प्रश्न इंग्रजीत असतात, तेव्हा तीही तयारी हवी. पुढच्या मुलाखतीला स्वतःच्या कामांची फाइल न्यायची. तिच्यात नुसती निसर्गचित्रं भरू नका. त्या पेटीची चार कच्ची रेखाटनं आणि फसलेला एखादा नमुनाही ठेवा.