वीस लाखांची मोजपट्टी

२६ ऑक्टोबर २०२५ला तिमोर-लेस्ते क्वालालंपूरमध्ये आसियानचा अकरावा सदस्य झाला. आणि पाठोपाठ १ नोव्हेंबरला आपल्या मध्य प्रदेशाचा ७०वा स्थापना दिन पार पडला. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध काय, असं कोणी विचारील. तिमोरची वस्ती तेरा-चौदा लाख. आपला नुसता ग्वाल्हेर जिल्हा २०११च्या जनगणनेतच वीस लाखांवर गेला होता. त्यांच्याकडे संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची आहे, आपल्याकडे भोपाळच्या खेपा.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत हा हिशेब अधूनमधून निघतोच. १९४१च्या शिरगणतीत ग्वाल्हेर संस्थानची लोकसंख्या सुमारे ४० लाख होती आणि विस्तार सव्वीस हजार चौरस मैलांवर. म्हणजे माणसं त्या काळच्या स्वित्झर्लंडइतकी आणि जमीन त्याच्या दीडपटीहून जास्त. स्वतःची रेल्वे होती, एकवीस तोफांची सलामी होती. मग आपलं वेगळं का राहिलं नाही, हा सुस्कारा ठरलेला. मला तो पटत नाही, पण त्यातला प्रश्न टाकाऊ नाही.

याच संदर्भात एका विसरलेल्या ठरावाची आठवण करून द्यायला हवी. फेब्रुवारी १९३९ मध्ये लुधियानाला अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषदेचं अधिवेशन झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. कोणती संस्थानं भावी संघराज्यात स्वतंत्र घटक म्हणून तग धरतील, याची मोजपट्टी तिथं ठरली: सुमारे वीस लाख लोकसंख्या किंवा पन्नास लाख रुपये महसूल. त्याखालच्यांनी शेजारच्या प्रांतात विलीन व्हावं. ही मोजपट्टी राजेरजवाड्यांनी नव्हे, त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांनी घालून दिलेली आहे, हे महत्त्वाचं. तिच्यानुसार ग्वाल्हेर एकदा नव्हे, दोनदा उत्तीर्ण होत होतं. तरी २८ मे १९४८ रोजी ते इंदूर आणि माळव्यातल्या लहानसहान संस्थानांसह मध्य भारतात गेलं. ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, लीलाधर जोशी पहिले मुख्यमंत्री. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर.

मोजपट्टी पुरी होत असूनही इथल्या पुरोगाम्यांनी वेगळेपणासाठी बोट का उचललं नाही? १९४७ मध्ये स्वातंत्र्य कोण मागत होतं ते पाहा. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर, हैदराबादचा निजाम, भोपाळचे नवाब हमीदुल्ला. त्रावणकोर तर साठ लाखांचं, किनारा असलेलं, थोरियमयुक्त वाळूनं श्रीमंत. पण तिथले काँग्रेसवाले आणि कम्युनिस्ट दिवाणांच्या विरोधातच उभे राहिले. भोपाळमध्ये विलीनीकरण मागणाऱ्यांवर जानेवारी १९४९ मध्ये बोरासला गोळीबार झाला. प्रजेला जबाबदार राज्यपद्धती हवी होती. दरबाराला हवं होतं ते दरबाराचं स्वातंत्र्य. महाराजांचं ग्वाल्हेर वेगळं राहिलं असतं, तर प्रजेच्या हाती काय आलं असतं? सरदारांच्या जहागिरी आणि दसऱ्याची मिरवणूक.

तिमोरची गोष्ट नेमकी उलट आहे. पोर्तुगीज निघाले, फ्रेटिलिन पक्षानं २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नऊ दिवसांत इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. एवढासा गरीब मुलूख स्वतःच्या पायावर उभा राहणार नाही, हे तेव्हाचं शहाणपण. शेजारच्या ऑस्ट्रेलियाला ते सोयीचं होतं. डिसेंबर १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोर समुद्रातलं तेल वाटून घेण्याच्या करारावर सह्या केल्या, त्या समुद्रावरून उडणाऱ्या विमानात, शॅम्पेनचे पेले उंचावून. खाली ज्यांचा समुद्र होता, त्यांना विचारायची गरज कोणाला भासली नाही. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी राजधानी दिलीतल्या सांता क्रूझ दफनभूमीत सैन्यानं निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. अखेर ३० ऑगस्ट १९९९ला सार्वमत झालं आणि ७८.५ टक्के लोकांनी वेगळं व्हायचं ठरवलं. २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला. २०१८ मध्ये याच चिमुकल्या देशानं ऑस्ट्रेलियाशी सागरी हद्दीचा नवा करार केला आणि ती हद्द बहुतांशी मध्यरेषेवर आणली.

छोट्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याची पुरोगामी बाजू म्हणतात ती ही. जुनं सिंहासन, रक्ताची शुद्धता, गमावलेलं वैभव यांचा तिच्याशी संबंध नाही. तिमोर आजही गरीब आहे आणि तेलाच्या पैशावर अवलंबून आहे. स्वातंत्र्य मिळालं की पोट भरतं, असं कोणी सांगू नये. फक्त आपल्या समुद्राचा सौदा आपल्या पाठीमागे होत नाही.

सार्वमताचीही नीट पारख करावी लागते. स्वीडनपासून वेगळं होताना नॉर्वेत १९०५ मध्ये मतदान झालं आणि विरोधात पडली अवघी १८४ मतं! पण स्त्रियांना मताधिकार नव्हता. त्यांनी अडीच लाखांच्या आसपास सह्या गोळा करून आपलं म्हणणं नोंदवलं. स्कॉटलंडनं २०१४ मध्ये सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही मत दिलं. वेगळेपणाचा प्रस्ताव ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी पडला, आणि निकाल मान्य झाला.

आपल्याकडे १९५६ मध्ये मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, तेव्हा सभागृहांत चर्चा झाल्या, सार्वमत नाही. ग्वाल्हेरच्या मोतीमहालातलं सचिवालय गेलं. भरपाई म्हणून महसूल मंडळ, महालेखापाल, परिवहन आयुक्त आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं. महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी त्याच्या आदल्याच वर्षी भाषावार राज्यांवरच्या पुस्तिकेत उत्तरेतल्या अवाढव्य राज्यांचा धोका सांगून मध्य प्रदेशाचे दोन भाग करावेत असं सुचवलं होतं. मोठ्या राज्यांच्या वजनाखाली लहान समूह चिरडले जातात, ही त्यांची चिंता होती. छत्तीसगड व्हायला २००० साल उजाडलं, तारीख पुन्हा १ नोव्हेंबरच.

स्वतंत्र भारतात असा प्रश्न थेट मतपेटीतून सुटला तो गोव्यात. १६ जानेवारी १९६७ रोजी १,७२,१९१ जणांनी केंद्रशासित राहण्याच्या बाजूनं कौल दिला, १,३८,१७० जणांनी महाराष्ट्रात विलीन होण्याच्या. मराठी माणसाला तो निकाल झोंबला, पण तो खरा होता. तेव्हा वेगळ्या विदर्भाचा किंवा बुंदेलखंडाचा विषय ज्या दिवशी पुन्हा निघेल, त्या दिवशी नेत्यांना नकाशा मागू नका. मतदानाची तारीख मागा.