कोरड्या खळग्यांचा पहारा

मोआब (युटा, अमेरिका) : मोआब सोडताना गाडीची टाकी भरून घ्यायची आणि माणशी चार लिटर पाणी बरोबर ठेवायचं, अशी इथली रीत आहे. सुमारे १२० किलोमीटरवरच्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या ‘नीडल्स’ भागात ना दुकान, ना पेट्रोल पंप.

तिथल्या ‘पॉटहोल पॉइंट’ या किलोमीटरभराच्या पायवाटेवर उघड्या वालुकाश्मात जागोजागी खळगे आहेत. नगरकरांना निघोजचे रांजणखळगे आठवतीलच. पण कुकडी नदीतले ते खळगे पुराच्या पाण्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या बसाल्टमध्ये कोरले; इथे नदीच नाही. पाऊस नगरच्या निम्म्याहूनही कमी. साचलेलं थोडंसं पाणी वाळूचे कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं, आणि मोकळी झालेली वाळू वारा उडवून नेतो.

पावसानंतर पाणी धरलेल्या एका खळग्यावर वाकून पाहिलं. कोळंबीसारखे, नखाएवढे, जवळजवळ पारदर्शक जीव उताणे पोहत होते. पाणी आटायच्या आत वाढायचं, अंडी घालायची आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. अंडी मात्र तळाच्या धुळीत वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात आणि पाऊस पडला की फुटतात. म्हणून इथला नियम असा, की पाण्यात हात घालायचा नाही, कारण कातडीवरचं तेल आणि मलमही त्या जिवांना बाधतं. आणि कोरड्या खळग्यातही पाय ठेवायचा नाही. मला या दुसऱ्या नियमाचं फार मोल वाटतं. जिथे काहीच दिसत नाही, तिथलंही राखायचं!

हे संरक्षण आपोआप मिळालं नाही. शेजारच्या आर्चेस उद्यानाचे अधीक्षक बेट्स विल्सन यांनी पुढाऱ्यांना जीपमधून हिंडवून हा मुलूख दाखवला, तेव्हा १९६४ मध्ये उद्यानाचा कायदा झाला. युटातली निम्म्याहून अधिक जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे आणि तिच्यावरून भांडणं कायमची. लगतचा ‘बेअर्स इअर्स’ हा मुलूख ओबामांनी २०१६ मध्ये संरक्षित केला, ट्रम्प यांनी पुढच्याच वर्षी त्याचा बहुतेक भाग वगळला, बायडेन यांनी २०२१ मध्ये तो परत जोडला. अध्यक्षाच्या सहीवर उभं असलेलं संरक्षण कच्चं. कायद्यानं बांधलेलं अधिक टिकतं.

आपल्या निघोजच्या खळग्यांचा एक काठ पारनेर तालुक्यातला, दुसरा शिरूर तालुक्यातला. तिथलंही असंच राखायचं, तर आधी तिथे काय आहे ते कळायला हवं. दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींनी तालुक्यातल्या महाविद्यालयांना हाताशी धरावं, कुठल्या खळग्यात काय जगतं याची वर्षभर नोंद करावी आणि ती काठावर मराठीत लावावी.