मोटारीची बॅटरी : थंडीचा आंकडा आणि कोंकणचा उन्हाळा



मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाच्या माथीं तीन-चार वर्षांनीं एक खर्च हटकून येतो, तो नव्या बॅटरीचा. दुकानांत गेलें म्हणजे दुकानदार पेटीवरील एका आंकड्याकडे बोट दाखवितो. तेथें सीसीए असें छापलेलें असतें. आणि हा आंकडा जितका मोठा तितका माल चांगला, असें तो सांगतो. हें सांगणें अर्धेंच खरें आहे. मी आयुष्य फळ्यापुढें घालविलेला मनुष्य, कारखान्यांतला नव्हे. परंतु हा विषय शाळेंतल्या पदार्थविज्ञानापलीकडचा नाहीं.

सीसीए म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर, अर्थात् थंडींत इंजिन फिरविण्याची शक्ति. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी शून्याखालीं १८ अंश सेल्सिअसपर्यंत गार करावयाची, तिच्यांतून सतत ३० सेकंद प्रवाह काढावयाचा, आणि तरीहि तिचा दाब ७.२ व्होल्टांच्या खालीं जातां कामा नये. या अटीवर जितके अँपिअर ती देईल तितका तिचा सीसीए. ही अमेरिकन रीत झाली. युरोपची परीक्षा थोडी निराळी आहे, म्हणून दोन पेट्यांची तुलना करतांना दोन्ही आंकडे एकाच परीक्षेचे आहेत ना, हें पाहावें. शेजारीं एएच असा दुसरा आंकडा असतो, तो सांठ्याचा. ३५ एएचची बॅटरी पावणेदोन अँपिअरचा मंद प्रवाह २० तास पुरविते. रांजण केवढा तें एएच सांगतो, आणि त्याचें तोंड किती रुंद तें सीसीए सांगतो.

सेल्फला रुंद तोंड लागतें. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर क्षणांत ओढतो. डिझेल इंजिनांत हवा पुष्कळच अधिक दाबावी लागते, त्यामुळें तेथें याच्या दुपटीच्या आसपास प्रवाह लागतो. १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ कॅडिलॅक मोटारीवर आला. तोंवर हेंच काम लोखंडी दांडा हातानें फिरवून करावें लागे, आणि दांडा उलटून मनगटें मोडत.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. शून्याखालीं १८ अंश ही थंडी महाडांत वा पोलादपुरांत कोणीं पाहिलेली नाहीं. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरास गेलें, तर तेथें कडाक्याच्या पहाटे वेण्णा तलावाच्या कांठीं दंव गोठतें, इतकेंच. त्या गारठ्यांत बॅटरीची शक्ति सुमारें एकतृतीयांशानें घटते व इंजिनांतील तेल दाट होतें, हें खरें. परंतु निकोप बॅटरीला तें सहज झेपतें. मग पोलादपूरहून वर गेलेली गाडी सकाळीं हटून कां बसते? कारण तिच्या बॅटरीचा नाश खालींच होऊन गेलेला असतो, आणि तो उन्हाळ्यानें केलेला असतो.

आपल्याच जिल्ह्यांतील भिरा येथें मार्च २०१७ मध्यें उष्णमान ४६.५ अंश नोंदलें गेलें होतें. बॉनेटखालीं, तापलेल्या इंजिनाशेजारीं, त्याहूनहि अधिक धग असते. बॅटरींत शिशाच्या जाळ्या गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. उष्णतेनें त्या जाळ्या कुरतडल्या जातात आणि आम्लांतील पाणी उडतें. स्थूलमानानें दहा अंश उष्णता वाढली कीं ही झीज दुप्पट होते. उन्हाळ्यांत तेल पातळ असतें, इंजिन हलकें फिरतें, त्यामुळें झीज ध्यानांत येत नाहीं. रोग वैशाखांत जडतो आणि मार्गशीर्षांत कळतो.

म्हणून मोठ्या आंकड्याचा मोह आवरावा. तेवढ्याच पेटींत सीसीए वाढवावयाचा तर आंतील पत्रे संख्येनें अधिक व जाडीनें पातळ करावे लागतात. आणि पातळ पत्रा उष्णतेंत लवकर झिजतो. जास्त आंकड्यानें गाडीस अपाय होत नाहीं, कारण सेल्फ लागेल तितकाच प्रवाह ओढतो; पण मोजलेले पैसे येथें कामीं येत नाहींत. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेला आंकडा गांठावा, किंचित् अधिक चालेल. कमी मात्र कदापि नको, विशेषतः डिझेलला. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी असते. तेथें तीच जात पुन्हां घ्यावी.

पेटीवरील ३८बी२०एल यासारख्या खुणेंत २० म्हणजे लांबी सेंटिमीटरांत, आणि शेवटचें अक्षर टर्मिनलांची बाजू दाखवितें. ही खूण जुन्या पेटीशीं जुळवून घ्यावी. त्याहून महत्त्वाची आहे ती बनावटीची तारीख. बॅटरी नुसती फळीवर पडून राहिली तरी आपोआप उतरत असते, आणि उकाड्यांत अधिकच वेगानें. सहा-आठ महिने पडलेली पेटी सवलतींत मिळाली तरी घेऊं नये.

अर्थात् जुनी खरोखरच मेली आहे ना, याची आधीं खात्री करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरनें १२.६ व्होल्ट दाखविले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ फिरत असतां दाब ९.६ च्या खालीं कोसळला, आणि बॅटरी भरलेली असूनहि कोसळला, तर ती संपली. इंजिन चालू असतां साधारण १४ व्होल्ट दिसले नाहींत तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. तेथें नवी बॅटरीहि चार दिवसांत उतरेल. आपल्याकडच्या पावसाळी हवेंत टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. ती गरम पाण्यानें व खाण्याच्या सोड्यानें धुऊन, टर्मिनल घट्ट आंवळल्यावर कित्येक 'मेलेल्या' बॅटऱ्या जिवंत होतात. हें काम फुकटचें आहे. कदाचित् म्हणूनच तें फारसें कोणी सुचवीत नसावें!

ही तपासणी मे महिन्यांत, मृग लागण्यापूर्वीं उरकावी. जुलै २०२१ मध्यें महाड पाण्याखालीं गेलें, तें सांगावयास नको. सावित्री फुगूं लागली म्हणजे गाडी अपरात्रीं उंचावर न्यावी लागते, आणि गुडघाभर पाण्यांत धक्का मारावयास माणसें मिळत नाहींत. नवी बॅटरी घेतांना जुनी दुकानांतच परत द्यावी. तिची किंमत वजा होते, आणि शिशाचें विष परसांतल्या विहिरीपासून दूर राहतें.