गाठ साधी, परिणाम साधे नाहीत

पाळी जाऊन आठ-दहा वर्षं झाल्यावर अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागलं, तर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर ‘उष्णता झाली’ म्हणून ते अंगावर काढणाऱ्या बायका कमी नाहीत. बहुतेकींच्या बाबतीत कारण किरकोळ निघतं, काहींच्या बाबतीत गर्भपिशवीचा कर्करोग. क्वचित मात्र मूळ पिशवीत नसतंच. ते असतं अंडाशयातल्या साध्या गाठीत.

तरुण वयात अंडाशयातल्या थीका पेशी अँड्रोजेन हे पुरुषी हार्मोन बनवतात आणि शेजारच्या ग्रॅन्युलोसा पेशी त्याचं इस्ट्रोजेन करतात. बीजं संपली की हे काम थांबतं. थीकोमा ही गाठ ते पुन्हा सुरू करते. 1932 साली ल्योफ्लर आणि प्रिझेल यांनी वर्णन केलेली ही गाठ बहुधा एकाच अंडाशयात, तीही उतारवयात होते आणि जवळजवळ कधीच कर्करोगाची नसते. पण तिचं इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवत राहतं. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन या वयात नसतं. अस्तर जाड होतं, रक्त जातं आणि काही जणींच्या अस्तरातच कर्करोग सुरू होतो.

अंडाशयातल्या काही गाठी स्वतः हार्मोन बनवत नाहीत. ब्रेनर ट्यूमरसारखी गाठ वाढताना भोवतालच्या ऊतीला चेतवते. ती ऊती अँड्रोजेन सोडते आणि शरीरातली चरबी त्याचं इस्ट्रोजेन करते. याउलट, अंडाशयातल्या लायडिग पेशींची गाठ स्वतःच हार्मोन बनवते आणि त्यात अँड्रोजेनच वरचढ ठरतं: हनुवटीवर राठ केस येतात, आवाज घोगरा होतो.

म्हणून सोनोग्राफीत अस्तराबरोबर दोन्ही अंडाशयंही पाहावी लागतात. अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड असेल किंवा रक्तस्राव पुन्हा होत असेल, तर अस्तराचा तुकडा तपासतात. काढलेली गाठही पॅथॉलॉजीकडे जायलाच हवी, कारण असंच इस्ट्रोजेन बनवणारी ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ कर्करोगात मोडते.

तपासणीची सुरुवात मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जुन्नर, घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात करता येते. पिशवी आधीच काढलेल्या बाईला मात्र रक्तस्रावाचा इशारा मिळणारच नाही. अंडाशय शाबूत असतील, तर उतारवयात अचानक वाढलेले केस, बदललेला आवाज किंवा ओटीपोटातला जडपणा तिने डॉक्टरांना आवर्जून सांगावा.